पाळीची काठी

बेबाबाई विहिरीवरून आली तेव्हा काठी तिच्या दाराशी उभी होती.

डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. विहीर अशी आटलेली की दोर ओढून ओढून तळहाताची साल निघायची, तेव्हा कुठं गढूळ पाण्याचा एक हंडा भरायचा. पण तिनं हंडे उतरवले नाहीत. मानेची शीर तुटायला आली तरी तशीच उभी राहून काठीकडे बघत राहिली. ती काठी तिथं असायचं काही कारणच नव्हतं. बेबाबाईची पाळी आठवड्यापूर्वी होऊन गेली होती.

जांभूळखोऱ्यात घरं वीस-बावीस, आणि सगळ्यांची ढोरं एकाच खिल्लारात. गुराखी ठेवायची ऐपत नाही, नि असली तरी सातपुड्याच्या त्या खोबणीत येतो कोण? म्हणून पाळी. संध्याकाळी ज्याच्या दाराशी काठी दिसेल, त्याच्या घरचं पोर दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळ्यांची ढोरं घेऊन वरच्या कुरणात जाणार, दिवस मावळताना परत आणणार आणि काठी पुढच्या घराच्या चौकटीला टेकवून येणार. त्या दिवशी रानात जे शेण पडेल ते त्या घराचं. काठी तिवसाच्या लाकडाची, डोक्याला पितळी कडं, आणि मुठीची जागा किती पोरांच्या घामानं गुळगुळीत झालेली कुणास ठाऊक. काठीला कुणी नाही म्हटल्याचं खोऱ्यात कुणाला आठवत नव्हतं. घरात मयत झालं किंवा हळद लागली तर काठी ते घर सोडून पुढं सरकायची, एवढीच काय ती सवलत.

आणि घर तिथं पाळी. तुमच्या दावणीला एक भाकड गाय असो की गाव ज्याच्या शब्दावर चालतं त्या झुलालआबासारखा ढोरांचा बाजार असो, पाळी एकच. बेबाबाईची एक गाय नि एक कालवड. तिलाही तीच पाळी. हे असं का, असं विचारायची रीत नव्हती.

तिनं हंडे उतरवले. पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या अंगणात हाक मारली, "तानु! वं तानु! हाई काठी कोनी ठेवी?"

तानुबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. "वनानी ठेवी. आबानी सांगं त्याले," एवढंच बोलली आणि चुलीत फुंकर घालायला लागली. चूल चांगली भडकलेली होती, फुंकर घालायची काही गरज नव्हती.

वना म्हणजे तानुबाईचा पोरगा. आज त्याची पाळी होती, आणि पुढं काठी जायला हवी होती झुलालआबाच्या दाराशी.

 उद्या बेबाबाईच्या सुनंदाची परीक्षा होती.

---

सत्त्याऐंशी साल ते. शाळेला खोऱ्यात येऊन पाच वर्षं झाली होती. शाळा म्हणजे काय, तर कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, पळकाट्यांचे, चार कूड, वर पत्रा, आणि आत एक फळा. पहिला मास्तर फार चांगला होता, असं झुलालआबा अजून म्हणत. तो झेंड्याच्या दिवशी यायचा, आबांच्या ओसरीवर जेवायचा आणि निघून जायचा. मग आला देवचंद मास्तर. धरणगावचा. हा खोऱ्यातच राहायला लागला, इथंच सगळं बिनसलं. रोज सकाळी दारोदार फिरून पोरं गोळा करायचा. पोरं शाळेत बसली की ढोरांमागं कोण जाणार? त्यात मास्तर बौद्ध घरातला. त्याला विहिरीचा दोर धरू देत नसत. कुणीतरी वरून ओतायचं, तेही ज्याच्या मनात असेल त्यानं आणि असेल तेव्हा. तो बादली घेऊन उभा राहायचा आणि बायका एकमेकींशी गप्पा मारत त्याच्याकडे पाठ करायच्या. असा किती वेळ तो उभा राहिला असेल, त्याचं त्यालाच माहीत.

थंडी सरता सरता शाळा तपासायला वरचे साहेब आले होते. जीप खाली ठेवून, धापा टाकत घाट चढले. त्यांनी फळ्याकडे बघितलं, पोरं मोजली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पाच वर्षांत या शाळेचं एक पोर चौथीच्या परीक्षेला बसलेलं नाही. यंदाही नाही बसलं तर शाळा उचलून दुसऱ्या पाड्यावर नेऊ. सरकारनं काय ढोरं हाकायला शाळा काढली?"

झुलालआबांनी साहेबांना ताक पाजलं आणि खूप हसले.

चौथीत तेव्हा चार पोरं होती. होळीनंतर एकीचं लग्न लागलं. एक बापाबरोबर खाली केळीच्या मळ्यात कामाला गेला. वनाला त्याच्या बापानं शाळा सोडवून पाळीला नि घरकामाला लावलं. राहिली एकटी सुनंदा, बेबाबाईची लेक. आता शाळा राहायची की जायची ते त्या अकरा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर येऊन बसलं होतं.

ती टिकली तीही उगीच नाही. गेली दोन वर्षं सुनंदाच्या वाट्याची पाळी बेबाबाई स्वतः करत होती. ढोरं चारणं हे पोरांचं काम. बाप्या माणसानं केलं तर लोक हसतात, आणि बाईमाणसानं काष्टा खोचून काठी खांद्यावर टाकून खिल्लारामागं जायचं म्हणजे तर तमाशाच. पोरं तिला 'गुराखीण' म्हणून चिडवायची. मोठी माणसं चिडवत नसत, नुसती बघून थुंकायची. निंबाला, तिच्या नवऱ्याला, पारावर बसायची सोय राहिली नव्हती. घरी आला की तो ते सगळं तिच्यावर काढायचा.

परीक्षा खाली पळसखेड्याच्या शाळेत होती. घाट उतरून, रान ओलांडून दोन तासांची वाट. एकट्या पोरीला घेऊन जायला मास्तर तयार नव्हता. त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "घरचं कुणीतरी बरोबर पाहिजे, बाई. रानातून एकट्या मुलीला मी नेली आणि उद्या कुणी वाकडं बोललं, तर नोकरीचं सोडा, मला जिवंत ठेवणार नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे." तिला ठाऊक होतं. निंबा जाणार नव्हता, तो झुलालआबाच्या लग्नघरी लाकडं फोडायला अडकलेला. म्हणजे जायचं तिनं स्वतः. सगळं ठरलं होतं. सुनंदाचा परकर धुऊन दोरीवर वाळत पडला होता.

आणि दाराशी काठी.

---

झुलालआबांच्या अंगणात मांडव पडला होता. मुलीची हळद. बायका जात्याभोवती बसून गाणी म्हणत होत्या, कढईत काहीतरी तळलं जात होतं. आबा बाजेवर बसून बिडी ओढत होते. त्यांच्या शेजारी खुर्चीवर त्यांचा थोरला, लीलाधर. शिकून पिंप्राळ्याला स्थायिक झालेला, स्कूटरवाला. बहिणीच्या लग्नासाठी आला होता, आणि नाकाला रुमाल लावून बसला होता, कारण गोठा वाऱ्याच्या बाजूला होता.

बेबाबाई मांडवाच्या बाहेर थांबली. आत ये, असं कुणी म्हटलं नाही.

"आबा, काठी मना दारशी कसी उनी? मनी पाळी तं आत्तेच व्हयनी."

"लगीनघर शे बाई," आबा म्हणाले. "हळदना घरवरथून काठी पुढे सरकस. तुले माहीत नही का?"

"तुमना घरवरथून सरकनी, बरं. पन तुमना नि मना घरना मझारमा कितला घरं शेतस."

"त्या बठ्ठा मना भाऊबंद. एकनी हळद ती बठ्ठासनी हळद."

जात्यावरचं गाणं थांबलं होतं. बायका ऐकत होत्या. त्यात निंबाच्या हाताची कुऱ्हाड मांडवामागं पडत होती, तीही थांबली.

"एक दिन थांबाडा, आबा. परवा मी दोन पाळ्या करसु. तीन करसु. सकाय पोरनी परीक्षा शे."

"पोर परीक्षाले बठी, आन ढोरं काय बाराखडी गिरावतीन?"

हसले सगळे. तिच्याकडे बघून, पोट धरून हसले. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी लीलाधरकडे बोट केलं. "देख त्याले. मी शिकाडा त्याले. आते पिंप्राळाले फटफटीवर फिरस, आन बापना गोठाना वास येस त्याले. एक पोऱ्या गया मना. गावना बठ्ठा पोऱ्या जावाले पायजेत का? ढोरं कोन चारी? तुना मास्तर?"

लीलाधरनं रुमाल खाली घेतला, मग पुन्हा लावला. 

आबांच्या बोलण्यात दुखरी नस होती, हे बेबाबाईला कळलं. पण तिला त्यांची कीव आली नाही. स्वतःच्या पोराचा राग तिच्या पोरीवर काढायचा हक्क त्यांना कुणी दिला? तिनं मांडवाच्या खांबाला धरलेला हात काढला आणि परत फिरली. पाठीमागं बायकांनी पुन्हा गाणं धरलं, आधीपेक्षा मोठ्या आवाजात.

निंबा तिच्या आधीच घरी येऊन बसला होता. घामानं निथळत, हातात कुऱ्हाड तशीच.

"आबासनी तोंडले लागाले गयी व्हती? बठ्ठा लोकेसमोर?" तो म्हणाला. "सकाय सुनंदी जाई ढोरंसमांगे. तू घर बठ."

"आन परीक्षा?"

"परीक्षा गयी खड्डामा! आबासना बैल नही भेटनात तं वावर कसं पेरू? तुले जुपू का?"

"जुप," ती म्हणाली. "पन पोर जावाव नही ढोरंसमांगे."

निंबानं तांब्या भिरकावला. तो तिच्या खांद्याला लागून भिंतीवर आदळला, आणि विहिरीच्या तळातून ओढून आणलेलं पाणी जमिनीत मुरलं. तिला खांद्यापेक्षा त्या पाण्याचं जास्त लागलं. कणगीमागं सुनंदा पुस्तकाचे दुमडलेले कोपरे अंगठ्यानं सरळ करत बसली होती. तिनं बापाकडे बघितलं नाही, आईकडेही नाही. कोपरे सरळ होऊन पुन्हा दुमडायचे, ती पुन्हा सरळ करायची.

---

उजाडता उजाडता बेबाबाईनं काष्टा कसला आणि काठी उचलली.

घराघरांतून ढोरं सुटून गोठाणावर जमत होती. यंदा पाऊस पडला नव्हता, वरचं कुरण होळीआधीच खरवडल्यासारखं झालेलं. ढोरांच्या फासळ्या लांबून मोजाव्यात अशा. झुलालआबाची काबरी गाय सगळ्यांत पुढं, गळ्यात घंटा. ती जाईल तिकडं खिल्लार जायचं.

मास्तर शाळेच्या कुडाशी छत्री घेऊन उभा होता. बेबाबाईच्या खांद्यावर काठी बघून त्याचा चेहरा उतरला. पण तिच्यामागं धुतलेला परकर घालून, दप्तर छातीशी धरून सुनंदा येत होती. त्याला काही कळेना.

"चाला, मास्तर," ती म्हणाली.

खोऱ्याच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे. तिथं वाट फुटते. एक वर कुरणाला जाते, दुसरी घाटानं खाली. काबरी सवयीनं वरच्या वाटेला लागली. बेबाबाई धावत पुढं गेली, काठी आडवी धरली आणि गायीच्या शिंगावर टक्कन वाजवून तिला खालच्या वाटेला वळवलं. काबरी थांबली, फुरफुरली आणि घंटा वाजवत घाट उतरायला लागली. मागं सगळं खिल्लार वळलं.

"बाई! अहो, हे काय करताय?" मास्तर ओरडला. "सगळ्या गावाची ढोरं!"

"पाळी शे मनी. ढोरंसमांगे जावानं, इतलंच काठी सांगस," ती म्हणाली. "कोठे जावानं, ते काठीनी कव्हय सांगं?"

 मास्तर काय करणार बिचारा, तोही धावला.

घाट म्हणजे सुट्या दगडांचा उतार. ढोरांच्या खुरांखाली दगड सुटून गडगडत खाली जायचे. धुळीचा असा लोट उठला की पुढचं ढोर दिसेना. एक वासरू घसरून पडलं, बेबाबाईनं त्याला शेपटीला नि कानाला धरून उभं केलं. एक खोंड बसलाच, उठेना. त्याच्या कानात तिनं काय शिव्या दिल्या त्या मास्तरनं ऐकल्या नाहीत असं दाखवलं. तो बिचारा छत्री उघडायचा, मिटायचा, उघडायचा आणि बाजूला पांगणारी ढोरं वळवायचा. जन्मात ढोर न हाकलेला माणूस, पण छत्रीला ढोरं चांगली बुजत होती. सुनंदा दप्तर डोक्यावर धरून मधोमध चालली होती. धुतलेल्या परकराचा रंग आता मातीचा झाला होता. दरीच्या बाजूला एकदा काबरीचा मागचा पाय गेला. हिला काही झालं तर झुलालआबा आपली कातडी सोलेल, हे बेबाबाईला स्वच्छ दिसत होतं. गायीनं पाय सावरला. बेबाबाईनं खिल्लार पुढं हाकलं.

पळसखेड्याच्या शाळेपुढं पोरं ओळीत उभी होती. धुळीतून खिल्लार आलं तशी ओळ मोडली, हशा पिकला. पांढऱ्या टोपीचा एक शिक्षक धावत आला. "ए बाई, ढोरं कुठं आणतेस? ही परीक्षा आहे, बाजार नाही!"

"एक पोर लई उनू परीक्षाले," ती म्हणाली. "ढोरं नही बठतस परीक्षाले, भिऊ नका."

देवचंद मास्तरनं सुनंदाचा हात धरला आणि तिला आत नेलं. पोरीनं दारातून एकदा मागं वळून बघितलं.

शाळेलगत एका शेतकऱ्याचं वावर होतं. आधार त्याचं नाव. गहू काढून झालेला, नुसते खुंट उभे, आणि बांधावर इंजिनची विहीर. खालच्या बाजूला वावरात ढोरं-मेंढरं बसवून घ्यायची रीत आहे, तेवढंच खत पडतं. धनगरांचे कळप बसवायचे तर त्यांना वर गहू मोजून द्यावा लागतो. बेबाबाईला हे माहेरपासून ठाऊक होतं.

"भाऊ, तुमना वावरमा ढोरं बसाडू का?" तिनं विचारलं.

आधार खिल्लार बघून उठून उभाच राहिला. "बसाड ना बाई! पन तू काय मांगशी?"

"पानी."

आधारनं इंजिन चालू केलं. ढोरांच्या पाण्याचा हाळ भरला, सांडला. ढोरं तुटून पडली. माना खाली घालून, डोळे मिटून, घशातून आवाज काढत ती प्यायला लागली. किती दिवसांत ती अशी प्यायली नव्हती. त्यांच्या खपाटीला गेलेल्या पोटांना गोलाई येत गेली. मग ती गव्हाच्या खुंटांत पांगली.

बेबाबाई बांधावरच्या कडुनिंबाखाली अशी बसली की एका डोळ्यानं ढोरं दिसावीत आणि एका डोळ्यानं शाळेची पडवी. पोरं ओळीनं जमिनीवर बसली होती. सुनंदाची पाठ दिसत होती, आणि वाकलेली मान. आत ती काय लिहिते आहे, यातलं बेबाबाईला अक्षर कळणार नव्हतं. फळ्यावर लिहिलेलंही तिला कळत नव्हतं. पण ती मान तशीच वाकलेली राहावी, मध्येच वर होऊ नये, एवढंच ती धरून बसली. दुखरा खांदा चोळत, उन्हं कलेपर्यंत.

सुनंदा बाहेर आली तेव्हा बोटं शाईनं निळी होती.

"माय, बठ्ठं उनं मले."

"बठ्ठं?"

पोर अडखळली. "एक गणित राही गयं."

"राहू दे," बेबाबाई म्हणाली. तिनं शाईचं बोट आपल्या पदराला पुसलं आणि मग तो डाग बघत राहिली. इतकी खूश ती लग्नातही झाली नव्हती.

---

भरल्या पोटाची ढोरं घाट काही झपाट्यानं चढत नाहीत. खोऱ्यात पोहोचायला दिवस बुडाला.

गोठाणावर सगळं गाव उभं होतं. घरोघरी वासरं हंबरत होती. लग्नघरी व्याही आले होते, त्यांना दूध नव्हतं. मुलीकडच्यांच्या दारी व्याह्यांनी काळा चहा प्यायला. गावात कितीही ढोरं असली तरी ती गावात नव्हती, हे व्याह्यांना कसं सांगायचं?

झुलालआबांच्या हातात जळकी बिडी होती. "ढोरं कोठे व्हतात?"

"खाले लई गयी व्हती."

"कोनले इचारीसन?"

"काठीले," बेबाबाई म्हणाली.

आबा तिला मारतात की काय असं सगळ्यांना वाटलं. पण ते काबरीकडे वळले. पाय बघितले. खुरं बघितली. मग हात तिच्या कुशीवर ठेवला, आणि बोटं तिथंच थांबली. पोट ढोलासारखं टम्म भरलेलं. त्यांनी दुसरी गाय चाचपली, मग तिसरी. लोकही आपापली ढोरं चाचपत होते. 

"आन शेण?" आबा एकदम ओरडले. "दिनभरनं शेण कोठे शे?"

"तठेच पडनं. एक भाऊना वावरमा."

"आमना ढोरंसनं शेण दुसराना वावरमा टाकी उनी!"

हे मात्र सगळ्यांना लागलं. गलका उठला. शेण! खोऱ्यातलं खत खालच्या वावरात! परीक्षेचं कुणाला काही नव्हतं, पण शेणाचं दुःख जिवाला झोंबलं.

बेबाबाई काठी टेकवून उभी होती. ती बोलली. "पाळीनं शेण पाळीवालानं. तुमनीच रीत शे. मनं व्हतं, मी टाकं."

गलका थांबला. रीत तीच होती, आणि सगळ्यांना पाठ होती. तेवढ्यात मांडवाच्या बाजूनं कुणीतरी फसकन हसलं. लीलाधर होता तो. व्याह्यांसमोर, भाऊबंदांसमोर, बापावर हसला. झुलालआबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. ते पुढं आले आणि तिच्या हातातली काठी हिसकून घेतली. इतक्या जोरात की पितळी कडं तिच्या बोटाला ओरखडून गेलं.

"आजपाईन हाई घर पाळीमाथून बाहेर," ते म्हणाले. "हिना दारले काठी लागाव नही. हिन्या ढोरं आमना खिल्लारमा नकोत. आन निंबा, मना बैल तुले भेटाव नहीत."

निंबा गर्दीत उभा होता. तो मान खाली घालून अंधाराकडे निघून गेला.

बेबाबाई तशीच उभी राहिली. काठी गेल्यावर हात हलका वाटत होता, मुठीला काय करावं ते कळेना. बोटातून रक्त येत होतं. गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं, आता ही रडेल, आबांचे पाय धरेल, म्हणून. तीही तेच करणार होती कदाचित. पण मग तिला आबांचे शब्द पुन्हा ऐकू आले. हिना दारले काठी लागाव नही. म्हणजे आता संध्याकाळी घरी येताना दाराकडे बघायचं भय नाही. सुनंदाची पाळी नाही. आज नाही, परवा नाही, कधीच नाही.

"बरं," ती म्हणाली आणि गाय नि कालवड वेगळी काढून घराकडे चालायला लागली.

---

पुढचे दिवस वाईट गेले, हे सांगायला हवं. बहिष्कार म्हणजे काही गंमत नसते. बेबाबाई आपली दोन जनावरं घेऊन एकटीच रानात जायची. दिसली तर खिल्लारामागची पोरं दगड मारायची. विहिरीवर बायका आता तिच्याकडेही पाठ करायच्या, आणि तिचा नंबर मास्तरच्या बादलीशेजारी लागला. निंबा तिच्याशी बोलत नव्हता. भाकरी घ्यायचा, अंगणात जाऊन खायचा. पेरणीचं काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

मे महिन्यात मास्तर निकाल घेऊन आला. पोर पास झाली होती. शाळा राहिली. मास्तरनं गुळाचा खडा आणला होता. बेबाबाईनं तो त्याच्या हातातून घेऊन फोडला, अर्धा सगळ्यांच्या देखत तोंडात टाकला आणि अर्धा सुनंदाला दिला.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी ती दाराचा कूड लिंपत होती. चौकटीपाशी, जिथं काठी टेकायची, तिथं वर्षानुवर्षांच्या टेकण्यानं मातीत खळगा पडला होता. कितीदा लिंपला तरी पुढच्या पाळीला पुन्हा पडायचा. आज तिनं शेणमातीचा मोठा गोळा घेतला, खळग्यात दाबला आणि तळव्यानं फिरवून सपाट केला.

मागं पावलं वाजली. तानुबाई होती. विस्तव न्यायला आल्यासारखी हातात खापराचा तुकडा, पण तिच्या घरातून धूर निघत होता. ती रस्त्याकडे दोनदा बघून मग जवळ आली. बेबाबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. काठी त्या दिवशी हिच्याच पोरानं आणून ठेवली होती, आणि ही चुलीत फुंकर घालत बसली होती, हे ती विसरली नव्हती. विसरणारही नव्हती.

"बेबा," तानुबाई हळूच म्हणाली. "एक इचारू का? मना दारनी काठी बंद कराले काय करनं पडी?"

बेबाबाईचा हात भिंतीवर थांबला.  मग तिनं उरलेली माती खळग्यावर थापली.

"सकाय वनाले आंग धोईसन शाळामा धाड," ती म्हणाली. "तुन्या ढोरं मी लई जासु."